शुद्धिपत्र

ही कादंबरी आमच्या घरी दोनदा आली.
आधी आप्पांच्या बोटांवरून, शिशाच्या वासात,
मग आठ महिन्यांनी कापडी बांधणीत,
मालकांनी दिवाळीला जुळाऱ्यांना वाटलेली एकेक प्रत.

विश्राम आचरेकर, जुळारी, खेतवाडीतला छापखाना.
चारशे सोळा पानं त्यांनी खिळ्यांमधून उलटी वाचली
आणि सुलटं पुस्तक कधी उघडलं नाही.
'जुळवलंय मी,' म्हणायचे, 'आता वाचायचं काय?'

गोष्ट साधी. बाप, पेढी, थोरला मुलगा.
बापानं आपल्या बापासाठी सोडलेलं शिक्षण,
आणि तीच पेढी मग मुलाच्या अंगावर चढवलेली
आजोबांच्या कोटासारखी, बाह्या आखूड करून.
कॉलेजात त्यावर प्रश्न यायचा:
कर्तव्य की स्वातंत्र्य? साधार लिहा.
आमच्या उल्हासला बारापैकी दहा.

मी त्यात बहीण शोधत होते.
सहा ठिकाणी येते ती.
चारदा पाणी घेऊन,
एकदा खिडकी लावायला,
एकदा रडायला, तेही दाराआड.

पान दोनशे सत्त्याऐंशी.
मुलगा जिन्यावर, हातात ट्रंक. बाप उंबऱ्यात.
आमच्या प्रतीत बाप म्हणतो, 'जा.'
यावरून उल्हासशी किती भांडले मी.
त्यानं अभ्यासाला दुसरी आवृत्ती आणलेली.
तो म्हणायचा बाप अडवतो, मी म्हणायचे जाऊ देतो,
आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून
विडी विझवत राहायचे, विझलेली.

उल्हास पुढे मस्कतला गेला.
त्याला कुणी काहीच म्हणालं नाही, डबा भरून दिला.

परवा बिल्डरची माणसं खोली रिकामी करा म्हणाली
तेव्हा पुस्तक हातातून पडलं आणि शेवटून उघडलं.
शुद्धिपत्र वाचतं कोण?
अकरा चुका. दहा रफाराच्या, अनुस्वाराच्या,
पिवळ्या बल्बखाली कुणाच्याही व्हाव्यात अशा.
अकरावी:
पान २८७, ओळ नववी,
'जा'च्या जागी 'जाऊ नकोस' वाचावे.

मग आठवलं. एकदा तीन रुपये कापले होते पगारातून.
आई म्हणाली, दिसत नसेल तर चष्मा घ्या.
आप्पा म्हणाले, नजर गेली.

अनुस्वार गळतो, मान्य.
पण ऊ, न, क, स, त्या क-वरचा ओकार
आणि मधली कोरी जागा?
इतकं एका हातून सांडत नाही.
शिवाय ओळ रिकामी राहिली की खिळे हलतात,
पुढे कोरे तुकडे ठोकून ती घट्ट करावी लागते.
म्हणजे तो 'जा' त्यांनी
बसवला होता.

बाहत्तरचा फेब्रुवारी तो.
त्याच महिन्यात टेलिफोन खात्याचं माझं पत्र आलेलं:
नागपूर, बढती, राहायला क्वार्टर.
आईचा दमा. उल्हास सातवीत, शैला पाचवीत.
मी पत्र तांदळाच्या डब्याखाली सारलं.
आईला धाप लागली की तांदूळ निवडायला
आप्पाच बसायचे, हे मला ठाऊक होतं.
ठाऊक होतं म्हणूनच तिथे ठेवलं असेल का?
ते काही बोलले नाहीत. मीही नाही.
आमच्याकडे मोठे शब्द कामावरच वापरायचे.

रात्री उल्हासचा फोन.
'ताई, पुस्तकं रद्दीत घाल, नव्या जागेत कुठे ठेवणार?'
मी विचारलं, 'बाप काय म्हणतो रे
दोनशे सत्त्याऐंशीवर?'
'कुठला बाप?' म्हणाला.

त्र्याहत्तर वर्षांची मी, बांधलेल्या बोचक्यांवर बसून
फुटपट्टी लावते त्या ओळीला.
तोंडानं म्हणायचं होतंत.
नाही तर तीन रुपये जाणारच होते,
कोऱ्या तुकड्यांच्या जागी
घरात मला हाक मारायचात तेवढं घालायचंत,
'बाये.'
मावलं असतं, आप्पा.
मी मोजून बघितलं.